हात बसतो तेव्हा काय बसते

जबलपूर हे फौजेच्या सिग्नल कोअरचे गाव. कोअरचे एक नंबरचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे, दोन नंबरचे गोव्यात. शिवाय दूरसंचाराची प्रशिक्षण संस्था १९४२ पासून इथेच चालते. आता तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. महाराष्ट्रात टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या जुन्या पिढीला हे शहर दोन गोष्टींमुळे आठवते, भेडाघाट आणि ट्रेनिंग. शिकायला आलेली माणसे पाहतच इथली वस्ती मोठी झाली. सरावावर लिहायला बसलेल्या जबलपूरच्या मराठी माणसाला पहिले उदाहरण सुचावे ते तारेच्या भाषेचे, यात नवल नाही.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये आपल्या देशात बंद झाली. पण मोर्स शिकणाऱ्याचे जे दुखणे होते ते अजून जिवंत आहे, आणि ते केवळ मोर्सचे नाही. नवा मुलगा आधी तक्ता पाठ करतो. ए म्हणजे टिंब-रेघ, एल म्हणजे टिंब-रेघ-टिंब-टिंब, एफ म्हणजे टिंब-टिंब-रेघ-टिंब. मग यंत्र वाजू लागते. कानावर पडलेले ठोके तो मनात मोजतो, मोजून झाले की तक्त्यात शोधतो, सापडले की अक्षर लिहितो. हळू वाजवले तर हे जमते. रोज बसले की मोजणे भराभर होऊ लागते आणि पोरगा खूश होतो. मिनिटाला दहाएक शब्दांपर्यंत गाडी येते आणि तिथेच रुतते. महिना गेला तरी हलत नाही. कारण मोजण्याच्या वेगाला मर्यादा आहे, आणि इतके दिवस त्याने घोटले ते मोजणेच. आणखी तास वाढवले तर मोजणे आणखी पक्के होईल.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारबाबूंच्या प्रगतीचे आलेख काढून १८९७ आणि १८९९ मध्ये छापले. तार पाठवण्याचा वेग चढत चढत सावकाश स्थिर होतो. तार घेण्याच्या वेगाचे तसे नाही. तो चढतो, मग कित्येक आठवडे सपाट राहतो आणि एखाद्या दिवसापासून पुन्हा चढू लागतो. त्या सपाट काळात आत काहीतरी शिजत असते, असे त्यांचे म्हणणे होते. अक्षरे ऐकणारा कान शब्द ऐकू लागतो, पुढे वाक्प्रचारच्या वाक्प्रचार एका घासात घेऊ लागतो. मुरलेला तारबाबू यंत्राच्या कित्येक शब्द मागे राहून लिहीत असे. पुढे काय येते ते ऐकत असे आणि मागचे निवांत उतरवत असे.

पुढे १९३०च्या दशकात जर्मनीत लुडविग कोख याने निराळीच वाट काढली. मोजण्याची सवय मोडत बसण्यापेक्षा ती लागूच द्यायची नाही. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगाने वाजवायचे, इतक्या वेगाने की मोजायला वाव राहू नये. मात्र अक्षरे दोनच. ती दोन बहुतेक वेळा बिनचूक ओळखता येऊ लागली की तिसरे. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, त्यांच्यात ही रीत आजही चालते. यंत्र तेच, विद्यार्थी तसाच, बैठकही तेवढीच. एकीकडे मोजणे घोटले जाते, दुसरीकडे ओळखणे.

या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे याच फरकावर उभी आहेत. पुनरावृत्तीला बरेवाईट कळत नाही. आपण जे पुन्हा पुन्हा करतो ते ती अंगात मुरवते. चूक केली तर चूक मुरवते, आणि तितक्याच निष्ठेने मुरवते. म्हणून 'किती वेळ बसलास' या प्रश्नाला माझ्या लेखी दुसरे स्थान आहे. पहिला प्रश्न असा, की या बैठकीत नेमके काय घोटले गेले आणि चुकले तेव्हा ते कुणाच्या लक्षात आले.

ब्रायन-हार्टर यांच्या सपाट रेषेने एक अवघड गाठ मात्र मागे ठेवली आहे. शिजण्याच्या काळातली सपाटी आणि चुकीची सवय भिंतीवर आदळल्याची सपाटी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. पहिल्या सपाटीत धीर धरायचा असतो, दुसरीत थांबून मुळाशी जायचे असते. उलटसुलट केले की वर्षे वाया जातात. या दोन्ही ओळखायच्या कशा? याचे मला पटलेले उत्तर तिरंदाजांकडे आहे. म्हणून इथे जरा सविस्तर थांबतो.

मध्य प्रदेश सरकारची तिरंदाजी अकादमी जबलपुरात राणीतालला आहे. इथली मुस्कान किरार २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ज्योती सुरेखा वेन्नम आणि मधुमिता कुमारी यांच्याबरोबर कंपाउंड (कप्प्यांच्या धनुष्याच्या) प्रकारातले सांघिक रौप्यपदक घेऊन आली. अंतिम सामना दक्षिण कोरियाने २३१-२२८ असा जिंकला. मराठी वाचकाला याच प्रकारातली साताऱ्याची नावे जास्त ओळखीची असतील. प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेली आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी १४९-१४७ अशी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरहून साताऱ्यात येऊन शिकलेल्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत पंधरापैकी पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले. दीडशेपैकी दीडशे. प्रतिस्पर्ध्याचे एकशे एकोणपन्नास होते, म्हणजे एक बाण नवात गेला असता तर बरोबरी होती. कंपाउंडमध्ये पन्नास मीटरांवरून नेम धरायचा असतो आणि दहाचे वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे, चहाच्या बशीहूनही लहान.

अशा मैदानावर जरा वेळ उभे राहून पाहावे. बाण लागले की नवखा माणूस दहात किती गेले ते पाहतो. प्रशिक्षक आधी बाणांचा पुंजका पाहतो; मैदानावर त्याला 'ग्रुप' म्हणतात. सहाही बाण डावीकडे सातच्या पट्ट्यात पण मुठीएवढ्या जागेत असतील तर तो समाधानाने मान हलवतो. नेम धरायची साइट जराशी सरकवली की तोच पुंजका मधल्या पिवळ्या वर्तुळात येणार. एक बाण दहात, एक नवात, एक सहात, बाकीचे खालीवर असे असेल तर गुण कदाचित तेवढेच भरतील, पण तो मुलीला थांबवतो. खांदा एकदा वर गेला असेल, दोर हनुवटीपाशी दर वेळी वेगळ्या जागी आला असेल, धनुष्याची मूठ एकदा सैल आणि एकदा घट्ट धरली गेली असेल. दहात गेलेला तो एकुलता एक बाण चांगला बाण नव्हे. तो योगायोगाने लागलेला आहे, आणि पोरीला त्याचाच आनंद झाला तर घात होतो.

दोन सपाटींमधला फरक इथे दिसतो. गुण वाढत नसले तरी पुंजका घट्ट होत चालला असेल तर धीर धरावा. पुंजकाच विस्कटलेला राहत असेल तर आणखी बाण सोडण्यात अर्थ नाही.

याच खेळात पुनरावृत्तीचा अपायही उघड दिसतो. कंपाउंड धनुष्याचा दोर बोटांनी सोडत नाहीत. हातात 'रिलीज' नावाचे लहान यंत्र असते. खरी रीत अशी, की नेम स्थिर झाल्यावर पाठीच्या स्नायूंनी ताण वाढवत जायचे आणि त्या ताणाने रिलीज आपोआप सुटू द्यायचा. नेमका कुठल्या क्षणी सुटला ते सोडणाऱ्यालाही कळू नये. पण पिवळे दिसले की अंगठा दाबण्याचा मोह होतो. दोनदा दाबला, दहात लागला. मग ती सवय होते. पुढे मनाने पिवळे आणि अंगठा यांची अशी गाठ मारलेली असते की नेम पिवळ्यावर पोचण्याआधीच अंगठा झटका देतो. काहींचा नेम मग पिवळ्यावर जायलाच तयार होत नाही, खाली अडकून थरथरत राहतो. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि भल्याभल्यांची कारकीर्द त्याने बुडवली आहे. मन लावून विचार करावा अशी गोष्ट ही, की हा दोष आळशी पोराला होत नाही. रोज शेकडो बाण सोडणाऱ्या मेहनती पोरालाच तो होतो.

उपायही सरावच आहे, पण पाहा कसला. चार-पाच पावलांवर नुसता बट, म्हणजे बाण अडवणारा गठ्ठा, ठेवायचा, त्यावर लक्ष्याचा कागद नाही, गुण नाहीत. डोळे मिटायचे, दोर ओढायचा, पाठीचा ताण जाणवून घ्यायचा आणि रिलीज सुटू द्यायचा. बाण कुठे लागला याला काही किंमत नाही. इतक्या जवळून तो बटमध्ये जाणारच. आठवडेच्या आठवडे हे चालते. राज्य पातळीवर खेळलेल्या मुलीला पहिल्या दिवसाचे काम पुन्हा करायला लावायचे म्हणजे तिला ते लाजिरवाणे वाटते, घरच्यांना काळजी वाटते, आणि प्रशिक्षकाच्या चिकाटीची खरी परीक्षा तिथे होते. मला या कोऱ्या बटमध्ये सरावाचे सगळ्यात शुद्ध रूप दिसते. फळ काढून घेतले आणि कृती तेवढी ठेवली.

पुंजक्याची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी तिथे अक्षर कसे असावे हे बारकाईने सांगितले आहे. गोलाई, सरळपणा, दोन अक्षरांतले आणि दोन ओळींतले अंतर, कागद, लेखणी, कडेची मोकळी जागा, सगळे. आणि ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर जसे तसेच शेवटपर्यंत असावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, ही अपेक्षा. एखादे अक्षर फार देखणे आले याचे कौतुक तिथे नाही. सारखेपणाचे आहे. कित्ता गिरवणे हा शब्दप्रयोग आपण आज अनुकरणाला हिणवण्यासाठी वापरतो, त्याचे मला वाईट वाटते. कित्त्यात प्रत्येक अक्षराशेजारी बरोबर अक्षर उभे असते. आपले कुठे वळले, कुठे वाकडे झाले, ते लिहिता लिहिताच कळते. पुष्कळ महागड्या शिकवण्यांत एवढीही सोय नसते.

आता तासांविषयी थोडे, कारण ते टाळून चालणार नाही. गाण्या-वाजवण्याच्या घरांत रियाझाच्या कथा तासांवर मोजल्या जातात. कुणी चौदा तास, कुणी रात्रभर, कुणी झोप लागू नये म्हणून केस छताला बांधून. परदेशातही तेच झाले. अँडर्स एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये छापला. सर्वोत्तम गटातल्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांहून अधिक भरला होता. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने तो आकडा घरोघर पोचवला आणि आकड्याचाच मंत्र झाला. खुद्द एरिक्सन यांना हे मान्य नव्हते. दहा हजार ही सरासरी होती, त्या उत्तम गटातल्याही कित्येकांचे तास त्याहून कमी होते. त्यांचा भर निराळ्या गोष्टीवर होता. नेमका एक दोष पुढे ठेवून, जाणत्याच्या नजरेखाली, दुरुस्त करत केलेला सराव. त्याच अभ्यासातल्या दोन बाबी कुणी फारशा सांगत नाही. ही उत्तम मुले सलग फार वेळ बसत नव्हती, तासा-दीड तासाने उठत होती; आणि ती इतरांपेक्षा जास्त झोपत होती.

दुसरी बाजूही ठेवतो. २०१४ मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांतल्या फरकापैकी अशा सरावाने उलगडणारा वाटा संगीतात २१ टक्के आणि खेळात १८ टक्के निघाला. बाकीच्यात अंगची ठेवण, सुरुवातीचे वय, गुरू, घरची परिस्थिती, सगळे आले. 'कुणीही काहीही होऊ शकतो' असे मी मुलांना सांगत नाही, कारण ते खरे नाही. आजचा तू कालच्यापेक्षा चांगला होऊ शकतोस, एवढे खात्रीने सांगता येते, आणि एवढे पुरेसे आहे. योगसूत्रांत अभ्यास पक्का व्हायला तीन अटी घातल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणे आणि आदर. आपण पहिली मोजतो, दुसरीचा आग्रह धरतो, तिसरी विसरतो. तास मोजणे सोपे आहे, म्हणून हे होते.

तिसऱ्या अटीचे मला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण जबलपूरहून कटनीमार्गे प्रयागराजकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या मैहरशी जोडलेले आहे. अलाउद्दीन खाँसाहेबांच्या मैहरला रविशंकर आले, निखिल बॅनर्जी आले, आपले व्हायोलिनवादक वि. गो. जोगही खाँसाहेबांकडे शिकले. खाँसाहेबांची मुलगी अन्नपूर्णादेवी तिथेच १९२७ मध्ये जन्मल्या आणि पुढे मुंबईत राहिल्या. त्यांच्याकडे हरिप्रसाद चौरसिया शिकायला गेले तेव्हा ते नवखे नव्हते. आकाशवाणीवर नोकरी झालेली, सिनेमात वाजवून नाव आणि पैसा मिळालेला. अन्नपूर्णादेवींनी कितीदा तरी नकार दिला. आधीचे सगळे विसरून पहिल्यापासून शिकायची तयारी असेल तरच, हे त्यांचे म्हणणे. तेव्हा हरिप्रसादांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडे धरत होते ती डावीकडे घेतली. ही हकिगत त्यांनी स्वतः सांगितली आहे. म्हणजे बोटांना जे येत होते ते एका दिवसात निकामी करून टाकले. बसलेला हात आपणहून उठवला. पुढे ते तशीच वाजवत राहिले. लोक ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला तिच्यात शिकण्याची रीतही दिसते. हात बदलला की कुठलाही सूर सवयीने निघत नाही, प्रत्येक सुराकडे लक्ष द्यावेच लागते. कोख याने मोजायला वाव ठेवला नाही, तसा त्यांनी सवयीला वाव ठेवला नाही.

एक फसवणूक आणखी सांगायला हवी, कारण शिकवणारे आणि शिकणारे दोघेही तिला बळी पडतात. एकच गोष्ट ओळीने घोटली की त्या बैठकीत ती सुरेख येऊ लागते. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली शिकवून पाहिल्या. एका गटाने पहिली पुरती घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही आलटून पालटून दिल्या. शिकताना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा. बैठकीतली सफाई ही शिकल्याची खूण नाही. काही दिवस मध्ये गेल्यावर, थंड हाताने, पहिल्याच प्रयत्नात काय येते ती खूण. एकच पलटा महिनाभर एकाच रागात गाणाऱ्या मुलीला दुसऱ्या रागात तो मागावा, आणि ती अडखळली तर रागावू नये. त्या अडखळण्यातच ती शिकते आहे. पालकांना हे पटवणे कठीण जाते, कारण दाराबाहेरून ऐकणाऱ्याला अडखळणे म्हणजे प्रगती थांबली असेच वाटते.

राहिला प्रश्न ज्यांना गुरू नाही त्यांचा. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, कारण जबलपूरसारख्या शहरात चांगला ऐकणारा, चांगला पाहणारा माणूस सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्याची जागा पुरती भरून निघत नाही, पण काही करता येते. खिशातल्या फोनवर आपले गाणे, आपले भाषण, आपली गोलंदाजी घ्यावी आणि ती दुसऱ्या दिवशी ऐकावी किंवा पाहावी. त्याच दिवशी नाही, कारण त्या दिवशी आपण जे करायला गेलो तेच आपल्याला ऐकू येते, जे झाले ते येत नाही. ऐकताना कागदावर एकच दोष लिहावा. पाच लिहिले की एकही सुटत नाही. उद्याची बैठक त्या एका दोषासाठी, आणि तो गेला की नाही हे आठवड्याने, वहीत न पाहता, पहिल्या प्रयत्नात तपासावे. दमलेल्या हाताने पुढे रेटू नये. दमल्यावर हात जे करतो तेही मुरतेच. पुढच्या प्रकरणांत गाणे, अक्षर, तिरंदाजी, टंकलेखन आणि गणित यांतले असे दोष एकेक घेऊन ते कसे ओळखावेत आणि त्यांच्यासाठी बैठक कशी मांडावी, ते दिले आहे. वाचकाने आपल्या कामाचे प्रकरण आधी उघडावे, बाकीची नंतर वाचली तरी चालतील.